परक्या राणीच्या वाटणीचा दोष

चि. छोटीस,


तुझ्या भाषणाचा मसुदा परवा मिळाला. दोनदा वाचला. पहिल्यांदा आजी म्हणून वाचला, तेव्हा पाठ थोपटावीशी वाटली. दुसऱ्यांदा इतिहासाची बाई म्हणून वाचला आणि पहिल्याच पानावर अडखळले. तू लिहिलं आहेस की परक्या, कॅथलिक राणीच्या नादी लागून इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने राज्य घालवलं आणि डोकंही. या वाक्याला टाळ्या पडतील आणि वक्तृत्व स्पर्धेत अशी वाक्यं लागतात, हे मला कळतं. पण पोरी, हे वाक्य तुझं नाही. ते पावणेचारशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका छापखान्यातून बाहेर पडलं. एका ठरावीक कामासाठी ते बेतलेलं होतं आणि अजूनही चालतंच आहे. मी स्वतः वर्गात वर्षानुवर्षं जवळपास ह्याच शब्दांत हा धडा शिकवला. निवृत्तीनंतर त्या राणीची पत्रं वाचायला सवड मिळाली, तेव्हा लक्षात आलं की मी मुलींना अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं तुला लिहून पाठवते आहे. सावकाश वाच.

ती राणी, हेन्रिएटा मारिया, पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात २५ नोव्हेंबर १६०९ रोजी जन्मली. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री तिचा बाप, मेदिची घराण्यातली मारी तिची आई. लेक सहा महिन्यांचीही झाली नव्हती, तोच पॅरिसच्या रस्त्यात एका माथेफिरूने बापाला सुऱ्याने भोसकून मारलं. पंधराव्या वर्षी, मे १६२५ मध्ये, तिचं चार्ल्सशी लग्न लागलं. नवरदेव हजर नव्हता, त्याच्या वतीने एक ड्यूक उभा होता. लग्नही नोत्र दामच्या आत लागलं नाही. दाराबाहेर मंच उभारून लावलं, कारण नवरा प्रॉटेस्टंट. हुंडा आठ लाख क्राउन. करारात लिहिलेलं होतं की राणीला तिचा धर्म पाळता येईल, तिचं स्वतःचं प्रार्थनामंदिर असेल, तिचे पाद्री तिच्याबरोबर राहतील. न जाहीर केलेलं एक कलमही होतं: इंग्लंडमधल्या कॅथलिकांवरचे जाचक कायदे राजा सैल करील.

निघताना आईने तिच्या हाती एक लांबलचक पत्र दिलं. ते एका धर्मगुरूने लिहून दिलेलं होतं असं अभ्यासक मानतात. धर्म सोडू नकोस, तिथल्या छळलेल्या कॅथलिकांची पाठराखीण हो, असा त्याचा सूर. मी हे तुला पत्र लिहिते आहे म्हणून तिचं ते पत्र मला सारखं आठवतंय. पंधरा वर्षांच्या मुलीच्या ओंजळीत एवढं ओझं! फ्रान्सला इंग्लंडमध्ये आपलं माणूस हवं होतं, रोमला आपली दूत हवी होती, चार्ल्सला हुंडा हवा होता आणि स्पेनविरुद्ध फ्रान्सची मदत हवी होती. त्या मुलीला काय हवं आहे हे विचारायची रीतच नव्हती.

पहिली तीन वर्षं वाईट गेली. राज्याभिषेक प्रॉटेस्टंट पद्धतीचा, म्हणून तिने त्यात भाग घेतला नाही आणि इंग्लंडची राणी म्हणून ती कधी अभिषिक्त झालीच नाही. १६२६ च्या उन्हाळ्यात ती टायबर्नच्या फाशीच्या माळाकडे गेली आणि तिथे फाशी गेलेल्या कॅथलिकांसाठी प्रार्थना केली अशी हूल उठली. ती खरोखर गेली होती की बागेत फिरता फिरता तिकडे पोचली, यावर दोन्ही पक्षांचं तेव्हाही एकमत नव्हतं. पण चार्ल्सचा संयम सुटला आणि त्याने तिची फ्रेंच माणसं मायदेशी परत धाडली. आपल्या माणसांना निरोप देता यावा म्हणून तिने खिडकीची काच हाताने फोडली, असं त्या काळच्या पत्रांतून आलं आहे.

मग ऑगस्ट १६२८ मध्ये राजाचा लाडका बकिंगहॅम पोर्ट्‌समथला खून होऊन मेला, आणि नवराबायको पहिल्यांदा एकमेकांजवळ आले. त्यानंतर चार्ल्सने दुसऱ्या कोणत्या बाईकडे पाहिलं नाही. राजेलोकांत हे दुर्मीळ. पण लंडनच्या रस्त्यावर त्याचा अर्थ असा लागला की राजा बायकोच्या मुठीत गेला.

आता पुढच्या दहाबारा वर्षांत तिने राज्यकारभारात नेमकं काय केलं ते पाहा. आपल्या माणसांना जागा मिळवून दिल्या. पोपच्या दूतांना दरबारात बसायला जागा दिली. पान्झानी आला, मग कॉन आला, मग रोसेत्ती. सॉमरसेट हाउसमध्ये इनिगो जोन्सकडून प्रार्थनामंदिर बांधून घेतलं. तिथली पहिली मिस्सा डिसेंबर १६३६ मध्ये झाली तेव्हा वेदीवर सुमारे ४० फूट उंचीचा देखावा उभारला होता. ढग, देवदूत, शेकडो दिवे. गर्दी हटेना. तिसऱ्या दिवशी राजाही बघायला आला आणि बराच वेळ बघत राहिला. तो फक्त बघत होता. त्याला चित्रं आवडायची, म्हणून रोमहून त्याला चित्रं भेट आली, त्याचा अर्धपुतळा बर्निनीने घडवला. चार्ल्सने चित्रं ठेवून घेतली आणि धर्म तसूभर बदलला नाही. दरबारातल्या कुलीन बायका कॅथलिक होऊ लागल्या तेव्हा त्याने उलट कडक हुकूम काढला.

याच काळात ज्या गोष्टींनी देश पेटला त्या बघ. १६२९ ते १६४० पार्लमेंट बोलावलंच नाही. जहाजपट्टी नावाचा कर, जो किनाऱ्यावरच्या गावांनी लढाईच्या वेळी द्यायचा, तो शांततेच्या काळात देशभर उकळला. आर्चबिशप लॉडने चर्चमध्ये कडक शिस्त लादली. १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवीन प्रार्थनापुस्तक लादलं, त्यातून बंड उसळलं. यातलं एकही राणीचं काम नव्हतं. लॉडचं आणि तिचं तर पटतही नसे. तिच्या गोतावळ्यात स्पेनचा द्वेष करणारे बरेच प्रॉटेस्टंट सरदार होते. हे मी पाठ्यपुस्तकात कधी वाचलं नव्हतं, आणि म्हणूनच तुझ्यापुढे मुद्दाम ठेवते आहे.

तरीही लोक घाबरले, आणि त्यांची भीती पोकळ होती असं मी म्हणणार नाही. मेरी ट्यूडरच्या राजवटीत, १५५३ ते १५५८, सुमारे तीनशे प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळलं होतं. १५८८ मध्ये स्पेनचं आरमार चालून आलं. १६०५ मध्ये पार्लमेंट दारूने उडवण्याचा कट पकडला गेला. युरोपात १६१८ पासून धर्मयुद्ध पेटलेलं, तिकडून प्रॉटेस्टंटांच्या जळलेल्या गावांच्या बातम्या येत. ज्यांच्या घरात हे आजीच्या तोंडून ऐकलेलं, त्यांना राजाच्या शेजघरात पोपची लेक झोपते हे खुपणारच. ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांनी उठाव केला, त्यांनी प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांना मारलं, मेलेल्यांचे आकडे लंडनला पोचेपर्यंत कैकपट फुगले, आणि हा उठाव राणीनेच घडवला असं लोक बोलू लागले. त्याला पुरावा नव्हता. पण छापील चोपडी हातात असली की पुरावा कोण मागतो?

आणि आता तिचे खरे दोष. ते मी लपवणार नाही, कारण तिला भाबडी, निष्पाप बाहुली करून टाकलं तर तोही तिच्यावर अन्यायच.

१६३९ मध्ये स्कॉटलंडवरच्या स्वारीसाठी तिने इंग्लंडभरच्या कॅथलिकांकडून वर्गणी गोळा करायला लावली. तिला वाटलं, यातून कॅथलिकांची राजनिष्ठा सिद्ध होईल. झालं असं की प्रॉटेस्टंटांवर चालवायच्या बंदुका कॅथलिक पैशाने घेतल्या, हा आरोप तिने स्वतःच्या सहीनिशी हाती दिला. पुढे पार्लमेंट अंगावर आलं तेव्हा तिने रोमकडे पैसे मागितले. तिकडून उत्तर आलं की राजा कॅथलिक होणार असेल तर बघू. १६४१ मध्ये लष्करातल्या काही तरुण अधिकाऱ्यांच्या कटात तिचं अंग होतं. त्या कटामुळे राजाच्या मंत्र्याला, स्ट्रॅफर्डला, वाचवायची उरलीसुरली आशाही संपली. तो मे महिन्यात वधाच्या चौथऱ्यावर चढला आणि कुऱ्हाडीने मेला.

मग ४ जानेवारी १६४२. राजा सुमारे चारशे हत्यारबंद माणसं घेऊन कॉमन्सच्या सभागृहात शिरला, पाच सभासदांना पकडायला. पाचही जण आधीच होडीतून निसटलेले. राणीने त्याला भेकड म्हणून हिणवलं आणि त्या बदमाशांचे कान धरून बाहेर काढ असं सांगितलं, ही कथा तू घेतली आहेस. ती ऐकीव आहे, काढून टाक. त्याऐवजी ह्याचा विचार कर: राजा निघाल्यावर ती घड्याळाकडे डोळे लावून बसली होती, आणि वेळ उलटली असं वाटून तिने आपल्या सखीला, लेडी कार्लाइलला, बेत सांगून टाकला. राजाला वाटेत उशीर झाला होता. सखीने बातमी पोचवली. हे कोणा शत्रूने लिहिलेलं नाही. राणीने पुढे फ्रेंच दरबारातल्या मादाम द मोतव्हिलला स्वतः सांगितलं आणि तिने ते आठवणींत लिहून ठेवलं. आपल्या चुकीचा कबुलीजबाब देणारी राणी मला त्या हिणवणाऱ्या राणीपेक्षा जास्त खरी वाटते.

सहा दिवसांत राजाराणीने लंडन सोडलं. २३ फेब्रुवारीला ती डोव्हरहून हॉलंडला निघाली. लोकांना सांगायला कारण होतं लेकीला सासरी पोचवण्याचं, दहा वर्षांच्या मेरीला. पेट्यांमध्ये जवाहीर होतं. जहाज दिसेनासं होईपर्यंत राजा किनाऱ्यावरून घोडा दौडवत होता.

हॉलंडमधलं ते वर्ष मला फार शिकवून गेलं. राजाची बायको सराफांच्या दारी! माणकांचा मोठा हार, मोत्यांचे पदर, दागिन्यांतले सुटे खडे. सराफ म्हणत, हे राज्याचं जवाहीर आहे, नवरा जिवंत असताना गहाण टाकायचा अधिकार तुम्हाला आहे का? पार्लमेंटने तसं कळवूनच ठेवलेलं. ती नवऱ्याकडून अधिकारपत्र मागवायची, घासाघीस करायची, निम्म्या किमतीत द्यायची. राजाच्या अंगरख्याची मोत्यांची बटणं तिने सोन्याच्या कोंदणातून काढली आणि एका सरात ओवली. ती सरात किती देखणी दिसत होती हे तिने त्याला लिहून कळवलं, आणि ती हातातून जाताना जीव कसा तुटला तेही. त्या पैशातून तोफा, दारू, बंदुका, आणि लढायला माणसं. याच काळात ती सांकेतिक आकड्यांत पत्रं लिहीत होती आणि प्रत्येक पत्रात टोचत होती: हल शहर घे, तिथला शस्त्रसाठा घे, ढिलाई करू नकोस. तो एप्रिलमध्ये हलच्या वेशीपाशी पोचला, किल्लेदाराने दार उघडलं नाही, आणि राजा परत फिरला. राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई पेटल्यावर, १६४३ च्या सुरुवातीला, ऑक्सफर्डला तहाची बोलणी चालली तेव्हा तिने धमकीच दिली: हे पार्लमेंट मोडायच्या आधी तह करून फौज मोडशील तर मी फ्रान्सला निघून जाईन. छोटी, तिच्या वाटणीचा सगळ्यात मोठा दोष मला इथे दिसतो. समेटाची वाट अजून थोडीशी उघडी होती, आणि तिने आपलं वजन त्या दारावर टाकलं.

ती परत कशी आली ते ऐक. पहिल्या फेरीत नऊ दिवस वादळ. सरदारणी आक्रोश करत होत्या, पाद्र्यांसमोर ओरडून पापं कबूल करत होत्या, आणि ही त्यांना धीर देत होती की इंग्लंडच्या राण्या काही समुद्रात बुडून मरत नसतात. जहाजं हॉलंडला परतली. थोडी विश्रांती घेऊन ती पुन्हा निघाली आणि २२ फेब्रुवारी १६४३ रोजी यॉर्कशरच्या ब्रिडलिंग्टनला उतरली. धक्क्याजवळच्या एका घरात मुक्काम. पार्लमेंटची जहाजं मागावर होतीच. पहाटेच्या अंधारात त्यांनी दारूगोळ्याच्या होड्यांवर आणि त्या घरावर तोफा डागल्या. गोळे छपरातून आत येऊ लागले. हाताला लागेल ते अंगावर चढवून ती बाहेर पळाली. पण म्हातारी, कुरूप, तिच्या जिवाची कुत्री मिट बिछान्यातच राहिली होती. राणी गोळ्यांच्या माऱ्यात उलट फिरली, जिना चढली, कुत्री उचलली, मग गावाबाहेरच्या एका चरात जाऊन पडून राहिली. तिच्यापासून वीस पावलांवर एक सार्जंट मेला. डोक्यावरून गोळे जात होते आणि माती उडून अंगावर पडत होती. दोनेक तासांनी ओहोटी लागली, तिला पोचवायला आलेल्या डच नौसेनानीने दम भरला, तेव्हा मारा थांबला. कुत्रीची हकिगत मोतव्हिलने लिहिली. चराची आणि सार्जंटची राणीने स्वतः नवऱ्याला कळवली.

उन्हाळ्यात ती फौजेबरोबर दक्षिणेकडे निघाली. पत्रात स्वतःला 'जनरलिसिमा' म्हणवून घेतलं, घोड्यावर बसून शिपायांबरोबर उघड्यावर जेवली. वाटेत स्ट्रॅटफर्डला शेक्सपियरच्या थोरल्या मुलीच्या घरी उतरली असं सांगतात. १३ जुलैला राजाची भेट झाली. ऑक्सफर्डला तिचा मुक्काम मर्टन कॉलेजात. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला तिच्या प्रार्थनामंदिरात लोक घुसले होते. रूबेन्सने काढलेलं वेदीवरचं चित्र फाडून टेम्समध्ये फेकलं. मे महिन्यात कॉमन्सने तिच्यावर राजद्रोहाचा महाभियोग ठेवला. पार्लमेंटची फौज राजाविरुद्ध लढत होती, पण तोंडाने म्हणत होती की आम्ही राजाला दुष्ट सल्लागारांपासून सोडवतो आहोत. अशा लढाईला एक दुष्ट सल्लागार लागतोच. तो परका, परधर्मी आणि बाई असेल तर उत्तम. आपल्याकडे 'ध चा मा' ऐकून आपण जशी मान डोलावतो, तसंच. तो कागद आजवर कुणी दाखवला आहे का, हे विचारत नाही.

एप्रिल १६४४ मध्ये ॲबिंग्डनला दोघांनी निरोप घेतला. पुन्हा भेट झाली नाही. तेव्हा ती गरोदर होती, फार आजारी होती. एक्सिटरला १६ जूनला मुलगी झाली. शत्रूची फौज जवळ येत होती. सुरक्षित वाट मागितली तर सेनापती एसेक्सचं उत्तर आलं की लंडनला यायचं असेल तर मी स्वतः पोचवतो. म्हणजे महाभियोगासमोर. पंधरा दिवसांची लेक मागे ठेवून ती निघाली, जुलैत कॉर्नवॉलहून जहाजात बसली. पाठलाग झाला तेव्हा तिने कप्तानाला सांगितलं की पकडले जाणार असं दिसलं तर दारूच्या कोठीला आग लाव. ती वाचली आणि ब्रेस्टजवळ फ्रान्सच्या खडकाळ किनाऱ्यावर उतरली.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. १४ जून १६४५ ला नेझबीची लढाई राजा हरला. त्याच्या सामानात पत्रांची पेटी सापडली. पार्लमेंटने पत्रं सांकेतिक लिपीतून उलगडली, लंडनच्या गिल्डहॉलमध्ये लोकांसमोर वाचली आणि जुलैत 'द किंग्ज कॅबिनेट ओपन्ड' या नावाने छापून विकली. नवराबायकोची पत्रं, भाजीबाजारात! त्यांत खरोखर घातक मजकूर होता. इंग्लंडमधल्या कॅथलिकांवरचे कायदे रद्द करायचं वचन माझ्या वतीने तू देऊन टाक, असं राजाने राणीला लिहिलेलं होतं, आणि प्रॉटेस्टंट धर्माचं रक्षण करण्याच्या शपथा तो त्याच महिन्यांत प्रजेसमोर घेत होता. ऑक्सफर्डला आपल्याच बाजूने जमलेल्या पार्लमेंटला त्याने संकरजात म्हटलं होतं. पण छापणाऱ्यांनी पत्रांच्या शेवटी स्वतःची टिपणं जोडली, आणि त्या टिपणांत पहिलाच मुद्दा हा होता की राजाचा सगळा कारभार राणी चालवते. ती अबला, जन्माने परकी, वाढलेली विरुद्ध धर्मात, तरी लहानमोठं काही तिच्या संमतीशिवाय होत नाही. तुझं वाक्य समोर ठेवून वाच. शब्द तेच, क्रमही जवळपास तोच. खोटं बोललेला राजा आणि पत्रं लिहिणारी राणी यांच्यात, दोष राणीकडे सरकला. राजाशी अजून तडजोड करायची होती, म्हणून राजाला थोडं वाचवणं पार्लमेंटलाही सोयीचं होतं.

तो खरंच तिच्या मुठीत होता का, याची कसोटी पुढच्याच वर्षी लागली. १६४६ मध्ये चार्ल्स न्यूकॅसलला स्कॉटांच्या ताब्यात होता. स्कॉट म्हणत होते, बिशप काढ, प्रेस्बिटेरियन पद्धत मान, आम्ही तुझ्या बाजूने लढू. राणीने फ्रान्सहून पत्रामागून पत्र धाडलं की मान. तिच्या लेखी प्रॉटेस्टंटांच्या दोन पंथांत काय एवढा फरक! बिशप जाऊ देत, फौजेवरचा हक्क मात्र सोडू नकोस, हा तिचा सल्ला. राजाचं मन वळवायला तिने कवी विल्यम डॅव्हनंटला पाठवलं. राजाने त्याला झिडकारून परत लावलं. पोपच्या बाजूची म्हणून बदनाम झालेली बाई नवऱ्याला वाकायला सांगत होती, आणि नवरा आपल्या बिशपांसाठी ताठ उभा होता. स्कॉटांनी पैशाचा पहिला हप्ता हाती पडल्यावर त्याला पार्लमेंटच्या हवाली केलं.

यावरून मी माझं मत बनवलं आहे, ते तुला सांगते. तू तुझं बनव. जिथे चार्ल्सचं मन आधीच झुकलेलं होतं तिथे तिचा शब्द चालला. ताणून धर, तह करू नकोस, बाहेरून मदत आणू, हे सगळं त्याला मनातून हवंच होतं. जिथे तिने त्याला सोडून द्यायला सांगितलं तिथे तिचं काही चाललं नाही. पण तिचं सगळंच चालतं असं लोकांना वाटत होतं, आणि त्या वाटण्याने फौजा उभ्या केल्या, चोपड्या विकल्या, तहाची बोलणी मोडली. तिच्या खऱ्या वजनापेक्षा ते वाटणं भारी पडलं.

३० जानेवारी १६४९ ला चार्ल्सचं डोकं उडवलं. त्या हिवाळ्यात पॅरिसमध्येही यादवी माजली होती. कार्डिनल द रेट्झ लूव्रमध्ये तिला भेटायला गेला तेव्हा चार वर्षांची ती एक्सिटरची लेक अंथरुणात होती, कारण शेकोटीला लाकूड नव्हतं. नवऱ्याला शेवटचं भेटू द्या म्हणून राणीने लंडनला पत्र धाडलं होतं. उत्तर आलं नाही. बातमी कळली तेव्हा ती कितीतरी वेळ दगडासारखी उभी राहिली, असं तिच्या पाद्र्याने लिहून ठेवलं आहे.

एक शेवटची गोष्ट, आपल्या घराजवळची. १६६० मध्ये तिचा मुलगा, दुसरा चार्ल्स, गादीवर आला. त्याचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरिनशी ठरलं, आणि १६६१ च्या तहात आपली मुंबई आंदण गेली. हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण ती आंदण आणणारी सून पाहायला पॅरिसहून १६६२ मध्ये जी सासू ग्रीनिचला आली ती हीच हेन्रिएटा, हे मी तुझ्या वयाची असताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सूनही कॅथलिक, परकी. सासू सप्टेंबर १६६९ मध्ये पॅरिसजवळ कोलोंबला वारली. त्यानंतर नऊ वर्षांनी टायटस ओट्स नावाचा एक लबाड माणूस कॉमन्ससमोर उभा राहिला आणि म्हणाला की राणी कॅथरिन राजाला विष घालणार आहे. पुष्कळांनी विश्वास ठेवला. त्या वेळी राजाने बायकोची बाजू सोडली नाही, म्हणून ती वाचली. आरोपाचा साचा मात्र सासूच्या वेळचाच होता. तू आता मुंबईतच आहेस, तेव्हा या दोघींची नावं एकत्र घेऊन भाषण सुरू केलंस तर समोरची मुलं कान देऊन ऐकतील.

तुला एकच काम सांगते. ते वाक्य खोडू नकोस. ते अवतरणात ठेव, हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि का लिहिलं ते सांग, आणि मग राणीच्या वाटणीचा जेवढा दोष आहे तेवढाच तिच्या पदरात घाल. वेळ सात मिनिटांची आहे, म्हणून ब्रिडलिंग्टनची कुत्री गाळावी लागेल. जिवावर येईल, तरी गाळ. नवीन मसुदा गुरुवारपर्यंत मला पाठव. मी लाल पेन घेऊन बसले आहे.

तुझी,
आजी